सरकारी रानातली पहिली व्हाइटटेल हरणाची शिकार: पेनसिल्व्हेनियातल्या नवशिक्या मराठी माणसाचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेनसिल्व्हेनियात येऊन मला अकरा वर्षं झाली. त्यातले आठ हंगाम मी बंदूक घेऊन रानात बसले आहे. ऑगस्ट सरत आला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात: "आम्हालाही यायचंय, पण सुरुवात कुठून करायची?" विचारणारे बदलतात, प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहिली आहेत. ती पेनसिल्व्हेनियापुरती, त्यातही रायफलच्या हंगामापुरती आहेत. शेजारच्या ओहायोत किंवा न्यूयॉर्कमध्ये नियम वेगळे आहेत. इथलेही दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे निघण्याआधी राज्याच्या वन्यजीव खात्याचं, म्हणजे गेम कमिशनचं, त्या वर्षीचं नियमपुस्तक वाचायलाच हवं.

भारतात शिकार हा गुन्हा आहे. मग इथे ती उजळ माथ्याने कशी चालते?

हा प्रश्न मलाही पडला होता, आणि त्याचं उत्तर समजल्याशिवाय बंदूक हातात घेऊ नये असं माझं मत आहे. आपण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छायेत वाढलो. आपल्याकडे सांबर-चितळ वाचवायचे म्हणजे शिकार थांबवणं, हे समीकरण होतं आणि ते आपल्या परिस्थितीत बरोबरच आहे.

इथली गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९०० च्या सुमाराला पेनसिल्व्हेनियात हरीण दिसणं दुर्मीळ झालं होतं. लाकडासाठी डोंगरच्या डोंगर तोडले गेले होते आणि बाजारात मांस विकण्यासाठी बेसुमार हत्या झाली होती. राज्याने १८९५ मध्ये गेम कमिशन स्थापन केलं, १९०६ पासून मिशिगनसारख्या राज्यांतून हरणं आणून सोडली, आणि १९२० मध्ये एल्क काउंटीत पहिली 'स्टेट गेम लँड', म्हणजे वन्यजीव आणि शिकारीसाठीची सरकारी जमीन, विकत घेतली. पैसा मुख्यतः शिकाऱ्यांच्या परवान्यांतून आला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानंतर रायफली आणि काडतुसांवरचा केंद्रीय करही (आज ११ टक्के) राज्यांकडे वन्यजीवांसाठी येऊ लागला.

तोवर लांडगे आणि प्यूमा इथून संपले होते. खाणारं कुणी नाही, म्हणून हरणं वाढली आणि ओकची कोवळी रोपं जमिनीतून वर येताच फस्त होऊ लागली. इथल्या जंगलात आठ फुटी तारेचं कुंपण घातलेले तुकडे दिसतील. कुंपणाच्या आत रोपांची दाटी असते आणि बाहेर नुसतं नेच्याचं गवत. ते एकदा पाहिलं की शिकारीचा हंगाम का ठेवतात हे कुणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मी एच-वन-बी किंवा एफ-वन व्हिसावर आहे. बंदूक हातात घेतली तर चालेल?

सगळ्यात गंभीर प्रश्न हाच, आणि बऱ्याच जणांना तो सुचतही नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. तिला काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही.

परवाना मिळण्याआधी मित्राची रायफल 'जरा धरून बघतो' म्हणून उचलणंही बाळगण्यात मोडू शकतं. म्हणून आधी परवाना, मग नेमबाजीचा सराव. शिवाय पेनसिल्व्हेनियाचा परवाना १ जुलै ते ३० जून असा असतो. ३० जूनला तो संपला आणि नवा काढला नाही, तर कपाटातली रायफलही तुम्हाला अडचणीत आणू शकते. व्हिसावर असाल तर स्थलांतर कायद्याच्या वकिलाशी एकदा बोलूनच पुढे जा. एका हरणासाठी इथलं राहणं पणाला लावू नका.

परवाना काढायला काय लागतं?

पहिल्यांदा शिकार करणाऱ्याला सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो ऑनलाइनही होतो, पण मी प्रत्यक्ष वर्गाचा आग्रह धरेन, कारण तिथे बंदूक हाताळून दाखवतात आणि गावातले जुने शिकारी भेटतात. अभ्यासक्रम करण्याआधी नुसता अनुभव घ्यायचा असेल, तर जाणत्या शिकाऱ्याच्या देखरेखीखाली जाण्याचा 'मेंटॉर्ड' परवाना प्रौढांनाही मिळतो.

राज्यात राहणाऱ्या प्रौढाला साधा परवाना साधारण २१ डॉलरना पडतो, बाहेरच्याला साधारण १०२ डॉलरना. त्यात एका नराचा टॅग, म्हणजे मारलेल्या हरणाला बांधायची चिठ्ठी, येतो. मादीसाठी वेगळा, विभागवार परवाना लागतो. त्यांची संख्या मर्यादित असते आणि विक्री उन्हाळ्यातच सुरू होते. नोव्हेंबरमध्ये जागे झालात तर तुमच्या विभागातले संपलेले असू शकतात.

सरकारी जमीन म्हणजे नेमकी कोणती?

तीन प्रकार लक्षात ठेवा. गेम कमिशनच्या स्टेट गेम लँड्स, राज्यभर विखुरलेले तीनशेहून जास्त तुकडे, मिळून साधारण १५ लाख एकर. राज्याची वनं, म्हणजे स्टेट फॉरेस्ट, साधारण २२ लाख एकर. आणि वायव्येला केंद्र सरकारचं ॲलेघेनी नॅशनल फॉरेस्ट, सुमारे ५ लाख एकर. यांतल्या बहुतेक जागेत परवानाधारक कुणीही, कुणाला न विचारता, पायी जाऊन शिकार करू शकतो. गावाकडे ज्याची जमीन त्याचं रान, हे पाहत आलेल्या माझ्यासारखीला याचं अप्रूप अजूनही वाटतं.

नवशिक्याने स्टेट फॉरेस्टकडे आधी बघावं. तिथे ठरावीक क्षेत्रांसाठी 'डीमॅप' नावाचे मादीचे जादा परवाने मिळतात. वनखात्यालाच तिथली हरणं कमी करायची असतात, म्हणून ते दिले जातात. स्टेट कॉलेजच्या आसपास राहणाऱ्यांना रॉथरॉक आणि बाल्ड ईगल ही वनं तासाभराच्या आत आहेत. उत्तरेला पॉटर काउंटीकडे ससक्वेहॅनॉक आहे, तिथे एकांत जास्त आणि मोबाइलला रेंज कमी.

एवढ्या मोठ्या जंगलात बसायचं कुठे?

इथे आपल्याकडे एक पुंजी आहे, ती वापरा. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला डोंगर वाचता येतो. सोंड, धार, खिंड, घळ, माची हे शब्द ज्याच्या तोंडात आहेत, त्याला हरणाची वाट शोधणं अवघड नाही. माझा पहिला हंगाम मी हे विसरून, रस्त्यालगतच्या एका सपाट जागी बसून वाया घालवला. दुसऱ्या वर्षी शेजारच्या आजोबांनी समोच्च रेषांचा नकाशा टेबलावर पसरला, एका जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "तुझ्याकडे याला काय म्हणतात?" मी म्हटलं, "खिंड." ते म्हणाले, "मग हरणंही तिथूनच जातात."

हरीण आपल्यासारखंच कष्ट वाचवतं. डोंगराची धार ओलांडायची तर ते सगळ्यात खालची जागा धरतं, म्हणजे खिंड. उतारावरून आडवं जायचं तर मधल्या सपाट टप्प्यावरून जातं. राजगडाच्या बालेकिल्ल्याखाली माची जशी पुढे पसरते, तसे टप्पे इथल्या उतारांवर लहान प्रमाणात असतात आणि नकाशावर दोन समोच्च रेषांमधलं अंतर एकदम वाढलेलं दिसलं की ओळखू येतात. झोपायला हरणाला सोंडेचं टोक आवडतं. पाठीमागून वारा येतो, समोरचा उतार डोळ्यांनी दिसतो, म्हणजे दोन्ही बाजूंची राखण होते. आणि दोन घळी जिथे मिळतात तिथे वाटांचं जाळं सापडतं.

त्यावर खाण्याचा नकाशा चढवा. इथे शरद ऋतूत सगळं ओकच्या फळांभोवती फिरतं. पांढऱ्या ओकची फळं कमी तुरट असतात, ती आधी संपतात. तांबड्या ओकची थंडी वाढल्यावरही शिल्लक असतात. नोव्हेंबरच्या अखेरीस तांबड्या ओकखाली पाचोळा उकरलेला दिसला तर ती जागा लिहून ठेवा. दोन-चार वर्षांपूर्वी तोड झालेला तुकडाही उत्तम, कारण तिथे कोवळा पाला तोंडाच्या उंचीवर असतो. आणि जिथे माउंटन लॉरेलची झुडपं माजलेली आहेत, तिथे गोळीबार सुरू झाला की हरणं दडतात.

ऑक्टोबरमध्ये किमान तीन शनिवार-रविवार नुसतं चालून या. ताज्या लेंड्या ओलसर आणि चकचकीत असतात. नराने शिंगं घासलेल्या झाडांची साल सोललेली असते. जमीन उकरून वर लघवी केलेल्या खुणा, ज्यांना इथे 'स्क्रेप' म्हणतात, त्या वाटेच्या कडेला, लोंबत्या फांदीखाली मिळतात. एक सावधगिरी मात्र घ्या. नर नोव्हेंबरच्या मध्याला ऐन माजावर असतात आणि रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. तोवर स्क्रेपवरची वर्दळ ओसरलेली असते. म्हणून स्क्रेपपेक्षा खाण्याच्या आणि दडण्याच्या जागांमधली वाट महत्त्वाची माना.

वाऱ्याचं एवढं काय असतं?

सगळं काही असतं. व्हाइटटेलचे डोळे फसवता येतात, कान एखाद्या वेळी फसतात, नाक फसत नाही. अंगाला वास न येणारे साबण आणि फवारे दुकानात भरपूर मिळतात. मी ते वापरून पाहिले आणि सोडून दिले. वाऱ्याच्या खाली, म्हणजे वारा हरणाकडून आपल्याकडे येईल असं, बसण्याला पर्याय नाही.

डोंगरात मात्र हवामानाच्या ॲपमधला वारा पुरत नाही. सकाळी ऊन चढलं की तापलेली हवा उतारावरून वर सरकते. दुपार कलली की तीच हवा गार होऊन पाण्यासारखी घळीतून खाली वाहू लागते. म्हणून सर्वसाधारणपणे सकाळी हरणाच्या वरच्या अंगाला आणि संध्याकाळी खालच्या अंगाला बसावं. मधल्या वेळात हवा गोंधळलेली असते. घळीच्या तळाशी तर ती भोवऱ्यासारखी फिरते, तिथे बसूच नये.

हे बघायचं साधन रस्त्याच्या कडेलाच मिळतं. आपल्याकडे रुईच्या बोंडातून उडणाऱ्या म्हाताऱ्या लहानपणी पकडल्या असतील. त्याच कुळातलं मिल्कवीड इथे माळरानावर उगवतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याची पाच-सहा बोंडं खिशात टाका. बसल्या जागेवरून एकेक म्हातारी सोडा आणि ती कुठे जाते ते नजर पोचेल तोवर बघत राहा. ती शंभर पावलं सरळ जाऊन अचानक वळते, खाली उतरते, कधी परत तुमच्याकडे येते. तुमचा वासही तसाच प्रवास करतो. मला आठ हंगामांत यापेक्षा जास्त कशानेच शिकवलेलं नाही.

कोणती रायफल घ्यावी?

साधी बोल्ट ॲक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर पुढचं काडतूस हाताने चढवायची. इथे मोठ्या प्राण्यांसाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालतच नाही. थ्री-ओ-एट, टू-सेव्हंटी, सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर, या काडतुसांच्या मापांपैकी कोणतंही चालेल. शरीराने लहान असाल किंवा धक्क्याची भीती वाटत असेल तर टू-फोर्टी-थ्री घ्या. धक्क्याच्या भीतीने डोळे मिटणाऱ्याचा नेम कोणत्याही बंदुकीने लागत नाही. महागड्या दुर्बिणीपेक्षा दोनशे काडतुसांच्या सरावावर पैसे खर्च करा. आणि टेबलावर टेकवून मारण्यात समाधान मानू नका. बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, जाड कोट आणि हातमोजे घालून सराव करा. या जंगलात बहुतेक संधी १०० यार्डांच्या आतच येतात.

शक्य असेल तर तांब्याची गोळी वापरा. शिशाची गोळी आत फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच दूरच्या मांसात जातात. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर मी यात तडजोड करणार नाही.

कपडे? थंडी? नारिंगी रंगाला हरीण बुजत नाही का?

नाही. हरणाला नारिंगी आणि लाल रंग आपल्यासारखे दिसत नाहीत. निळा मात्र चांगला दिसतो, म्हणून जीन्स घालून जाऊ नका. नियमाप्रमाणे डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी, चारही बाजूंनी दिसेल असं, रायफल हंगामात अंगावर असायलाच हवं. टोपी आणि जाकीट घेतलं की झालं.

सुती कपडा अंगालगत नको. चढताना घाम येतो, सुती कपडा तो धरून ठेवतो आणि नंतर सहा तास तुम्ही गारठता. लोकरीचं घाला. जड कोट पाठीवर बांधून न्या, जागेवर पोचल्यावर घाला. गोचिडीचं विसरू नका. पेनसिल्व्हेनियात लाइम रोग फार आहे आणि पारा गोठणबिंदूच्या वर गेला की ही गोचीड नोव्हेंबरातही हिंडते. पँट आणि बुटांना आदल्या दिवशी परमेथ्रिन मारा, घरी आल्यावर काखा, गुडघ्यामागचा भाग, केसांची मुळं तपासा.

मचाण हवंच का?

पहिल्या हंगामात नको. झाडावरून पडणं हा या छंदातला फार मोठा धोका आहे. जाड बुंध्याच्या ओकला पाठ टेकून, खाली जाड बैठक घेऊन बसा. बुंधा पाठीपेक्षा रुंद असला की तुमची आकृती मोडते आणि मागची बाजूही राखली जाते. पुढे कधी मचाण घेतलंत तर जमीन सोडल्यापासून परत जमिनीवर येईपर्यंत पट्टा बांधलेला असू द्या आणि रिकामी रायफल दोरीने वर ओढा. सरकारी जमिनीत झाडाला खिळे ठोकून कायमचं मचाण बांधता येत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी काय करायचं?

उजाडण्याआधी तासभर जागेवर हजर राहा. गोळी झाडण्याची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते. गाडीत रायफल भरलेली नको. ज्यात माणसं राहतात अशा घरापासून परवानगीशिवाय १५० यार्डांच्या आत शिकार करता येत नाही. कुणाला तरी तुमची नेमकी जागा आणि परतण्याची वेळ कळवलेली असावी. फोनमधला नकाशा आधीच उतरवून घ्या, आणि होकायंत्रही ठेवा, कारण थंडीत बॅटरी लवकर मरते.

तुम्ही ठरवलेल्या जागी दुसऱ्याचा टॉर्च दिसला तर काय? जागा सोडून द्या. सरकारी रानात जो आधी पोचला तो तिथला. म्हणून आदल्या रात्री तीन जागा ठरवून ठेवा.

आणि दिवसभर बसा. दहा-अकराला बहुतेकांना थंडी वाजते, भूक लागते, ते गाडीकडे चालू लागतात, आणि त्यांच्या चालण्याने दडलेली हरणं उठतात. माझ्या सहापैकी चार हरणं मला सकाळी दहा ते दुपारी एकच्या मध्ये मिळाली. डब्यात गूळपोळी किंवा मेथीचे ठेपले घ्या. गारठल्यावरही खाता येतात आणि कागद कुरकुरत नाही.

नर मारावा की मादी?

मादी. तिचं मांस मऊ असतं, आणि संख्या खरंच आटोक्यात ठेवायची तर मादीच कमी करावी लागते. नरासाठी २००२ पासून शिंगांचा नियम आहे. राज्याच्या बहुतेक भागात एका शिंगाला किमान तीन टोकं हवीत. पश्चिमेकडच्या काही विभागांत डोळ्यांवरचं पहिलं टोक त्यात धरत नाहीत. झुडपांतून चालत्या हरणाची टोकं मोजणं नवख्याला जमत नाही. मोजता आली नाहीत तर रायफल खाली.

चाप कधी ओढायचा?

हरीण आडवं उभं असेल, किंवा थोडं पाठमोरं होऊन तिरपं असेल, तेव्हाच. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या जरा वर. तिथे हृदय आणि फुप्फुसं आहेत, साधारण जेवणाच्या लहान ताटाएवढी जागा. समोरून येणारं, सरळ पाठ करून जाणारं किंवा पळणारं हरीण सोडून द्या. त्याच्या मागे माती किंवा उतार दिसतोय ना, हे आधी बघा. डोंगराच्या धारेवर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या हरणावर गोळी कधीही झाडायची नाही, ती पलीकडे कुठे जाईल ते तुम्हाला दिसत नाही. आणि हालचाल किंवा आवाज म्हणजे हरीण नव्हे. अख्खा प्राणी दिसल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये.

गोळी झाडल्यावर धावत जायचं का?

नाही, आणि हे मी मोठी किंमत देऊन शिकले. दुसऱ्या हंगामात एका मादीवर माझी गोळी मागे, पोटात लागली. ती पाठ कमानीसारखी करून, पाय ओढत लॉरेलच्या झुडपांत शिरली. मला राहवलं नाही, पंधरा मिनिटांत उठून मागे गेले. ती ऐंशी यार्डांवर बसली होती. माझी चाहूल लागताच उठली आणि गेली. अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधलं. सापडली नाही. त्या रात्री आणि पुढे कित्येक रात्री मला झोप लागली नाही. आज ती जागा ओलांडताना मी थांबते.

म्हणून नीट वाचा. गोळी झाडताच दुसरं काडतूस चढवा आणि बघत राहा: हरीण कसं हललं, कुठल्या झाडाजवळ शेवटचं दिसलं. छातीत लागलेलं हरीण बहुधा उसळी मारून पळतं आणि शंभर यार्डांच्या आत पडतं. तरी अर्धा तास बसा. मग ते जिथे उभं होतं तिथे जाऊन रक्त आणि केस बघा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, पुढे चला. गडद, काळपट लाल म्हणजे बहुधा यकृत (लिव्हर), तीन-चार तास द्या. हिरवट-तपकिरी, वास येणारं काही दिसलं तर पोट. अशा वेळी आल्या पावली मागे फिरा आणि किमान आठ तास थांबा. त्याला कुणी छेडलं नाही तर ते जवळच बसतं आणि तिथेच संपतं.

माग काढताना रक्तावर पाय न देता बाजूने चाला. प्रत्येक थेंबापाशी टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवा. मागे वळून पाहिलं की हरणाची दिशा रेषेत दिसते. माग तुटला तर पेनसिल्व्हेनियात साखळीवरच्या शिकवलेल्या कुत्र्याची मदत घेता येते. असे कुत्रे पाळणारे लोक मनापासून मदत करतात. हंगामाआधीच जवळच्या कुणाचा तरी नंबर मिळवून ठेवा. मला तेव्हा हे माहीत नव्हतं.

हरीण पडलं. आता?

मागून जा, डोळ्याला लांब काडी लावून बघा. पापणी हलली नाही तर रायफल रिकामी करा. हलवण्याआधी टॅग भरा आणि कानाला बांधा, हा कायदा आहे. दहा दिवसांच्या आत गेम कमिशनला नोंदही कळवायची.

मग पोट रिकामं करायचं, तिथेच, लगेच. कोंबडीही कधी न कापलेल्यांना याचीच धास्ती असते. काम मात्र समजायला सोपं आहे. हरीण उताणं करा. बरगड्या संपतात तिथून खाली, चाकूची धार वरच्या बाजूला ठेवून आणि दोन बोटांनी आतडी खाली दाबून, फक्त कातडी आणि पातळ पडदा कापत जा. पिशवी किंवा आतडं फुटलं तर मांस नासतं. छाती आणि पोटामधला पडदा कापा, हात वर घालून श्वासनलिका कापा, आणि सगळं एकत्र बाहेर ओढा. हातमोजे घालाच. पहिल्या वेळी मला पाऊण तास लागला, आता वीस मिनिटं लागतात.

सगळ्यात मोठा शत्रू उष्णता. बाहेर दहा अंश सेल्सिअसच्या वर असेल तर त्याच दिवशी कातडी काढून मांस बर्फात जायला हवं. ओढून नेण्यासाठी प्लॅस्टिकची घसरगाडी घ्या. रिकामं केलेलं हरीणही चाळीस किलोच्या आसपास भरतं, म्हणून पहिल्या वर्षी गाडीपासून मैलभराच्या पलीकडे जाऊ नका.

हरणांच्या रोगाबद्दल ऐकलंय. मांस खाणं सुरक्षित आहे का?

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा मेंदूचा रोग पेनसिल्व्हेनियात २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला. माणसाला झाल्याचं एकही सिद्ध उदाहरण नाही, पण शिजवून प्रायॉन नष्ट होत नाहीत, त्यामुळे बाधित भागातलं हरीण तपासूनच खावं असा आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. गेम कमिशन ठरावीक भागांत डोकी जमा करायला पेट्या ठेवतं आणि तपासणी फुकट करतं. निकाल येईपर्यंत मांस वेगळं, नाव घालून गोठवा. मेंदू, कणा, डोळे, प्लीहा, गाठी यांना हात लावू नका. बाधित क्षेत्रातून हे भाग बाहेर नेण्यावर बंदी असते. म्हणजे आपल्या आवडीचा भेजा इथे वर्ज्य.

घरचे म्हणतात हे पाप आहे. त्यांना काय सांगू?

माझी आई अजूनही माझ्याकडे ते मांस खात नाही आणि मी तिला आग्रह करत नाही. जो मुळातच मांस खात नाही त्याच्याशी वाद घालू नये. त्याचं म्हणणं सुसंगत आहे. पण पॅकबंद कोंबडी खाणाऱ्याने विचारलं तर मी सांगते की माझं हरीण शेवटच्या क्षणापर्यंत मोकळं होतं, आणि त्याच्या मरणाला मी स्वतः हजर होते. ज्याला ते पाहवणार नाही त्याने जाऊ नये. एखादा पहिल्या हंगामात चाप न ओढता परत आला तर माझ्या लेखी तो शिकारी कमी ठरत नाही. हरीण पडल्यावर मी टोपी काढून त्याच्या अंगावर हात ठेवते आणि थोडा वेळ बसते. फोटो नंतर, आणि रक्त पुसून.

शिजवायचं कसं?

मटणासारखं समजून शिजवलंत तर फसाल. बोकडाची चरबी चव देते, हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते. ती आणि स्नायूंवरचा पांढरा पापुद्रा धारदार सुरीने पूर्ण काढा. लोक ज्याला 'उग्र वास' म्हणतात तो बहुतेकदा या दोन गोष्टींचा आणि उशिरा गार केलेल्या मांसाचा असतो.

कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब पट्टे, ज्यांना बॅकस्ट्रॅप म्हणतात, ते रश्श्यात घालू नका. आलं-लसूण, हळद, मीठ, थोडं तेल लावून कडक तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा, आत गुलाबी असताना उतरवा, दहा मिनिटं ठेवून कापा. नळी आणि गर्दनीला मात्र आपलं काळं वाटण शोभतं: सुकं खोबरं, कांदा, तीळ, खसखस भाजून. कुकरला सात-आठ शिट्ट्या, मग झाकण काढून मंद आचेवर पाऊण तास. मांडीचा खिमा करा, त्यात थोडी बोकडाची चरबी घालायला खाटकाला सांगा, नाहीतर कोरडा होतो. खिमा ७१ अंश सेल्सिअसपर्यंत नीट शिजवावा.

एवढं मांस संपणार नाही. विकता येतं का?

नाही. रानातल्या हरणाचं मांस विकणं बेकायदा आहे. बाजारासाठी होणाऱ्या हत्येनेच हरणं एकदा संपत आली होती. वाटता मात्र येतं. शेजाऱ्याला देताना हरीण कुठल्या भागातलं, तपासलेलं की नाही, हे पाकिटावर लिहून द्या. जास्तच असेल तर 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट' या उपक्रमात सहभागी असलेल्या खाटकाकडे हरीण पोचवा. तो खिमा करून अन्नपेढ्यांकडे पाठवतो. गेल्या डिसेंबरात माझं दुसरं हरीण तिथेच गेलं. खाटकाच्या दाराशी आणखी तीन गाड्या उभ्या होत्या आणि तिन्हींत मादीच होती.